कवीच्या नावाची पंगत

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, एका लांबट खाडीच्या टोकाशी ड्युनेडिन नावाचे शहर वसले आहे. हे शहर दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथे जानेवारी महिना भर उन्हाळ्याचा असतो. रात्रीचे नऊ वाजले तरी आकाशात उजेड रेंगाळत असतो. बागा फुललेल्या असतात. शाळांना मोठी सुटी असते. अशा दिवसांत, २५ जानेवारीच्या सुमारास, या शहरात एक विलक्षण पंगत बसते. तिला येणारे पुरुष जाड लोकरीचे, चौकड्यांचे, गुडघ्यापर्यंत पोहोचणारे घोळदार वस्त्र नेसून येतात. या वस्त्राला किल्ट म्हणतात. पानात वाढले जाणारे अन्नही थंडीच्या दिवसांत अंगात ऊब आणणारे, चरबीने जड आणि मिऱ्याने तिखट असे असते. ऋतू उन्हाळ्याचा आणि पंगत मात्र हिवाळ्याची, हा प्रकार पाहून नव्या पाहुण्याला नवल वाटते.

या नवलाचे कारण साधे आहे. या पंगतीचा दिवस ड्युनेडिनच्या ऋतूंवरून ठरलेला नाही. तेथून १८ हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या स्कॉटलंडमधील एका खेड्यात, ऐन हिवाळ्यात, एका शेतकऱ्याच्या घरी एक मूल जन्माला आले. त्या मुलाच्या जन्मदिवसावरून हा दिवस ठरला आहे. ते मूल पुढे कवी झाले. त्याचे नाव रॉबर्ट बर्न्स. त्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या या भोजनाला ‘बर्न्स सपर’, म्हणजे बर्न्सचे रात्रीचे जेवण, असे म्हणतात. जगात राजांचे, सेनापतींचे आणि धर्मसंस्थापकांचे उत्सव पुष्कळ आहेत. परंतु देश सोडून गेलेल्या माणसांनी एका गरीब कवीच्या नावाने पंगत मांडावी आणि ती पिढ्यानुपिढ्या चालवावी, असे उदाहरण विरळाच.

स्कॉटलंड हा ब्रिटनच्या बेटाचा उत्तरेकडील भाग. तेथील आयरशायर या परगण्यात ॲलोवे नावाचे गाव आहे. रॉबर्टच्या वडिलांनी तेथे स्वतःच्या हातांनी मातीच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले घर बांधले होते. त्या घरात २५ जानेवारी १७५९ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोठे वादळ झाले आणि घराच्या भिंतीचा काही भाग कोसळला. बाळंतिणीला तान्ह्या मुलासह शेजाऱ्याकडे आश्रय घ्यावा लागला. सात भावंडांत रॉबर्ट सर्वांत थोरला. वडील खंडाने जमीन कसणारे गरीब शेतकरी होते. पण मुलांनी शिकावे अशी त्यांची तळमळ होती. शेजारच्या काही कुटुंबांबरोबर मिळून त्यांनी मुलांसाठी एक तरुण शिक्षक ठेवला होता. आईला फारसे लिहितावाचता येत नव्हते, पण तिच्या ओठांवर जुनी लोकगीते सतत खेळत असत. वडिलांकडून पुस्तकांची आणि आईकडून गाण्यांची अशी दुहेरी शिदोरी मुलाला मिळाली.

वयाच्या पंधराव्या वर्षी रॉबर्ट शेतावरचा मुख्य गडी झाला होता. जमीन निकस होती. कष्ट फार आणि अन्न थोडे, अशा स्थितीत त्याची प्रकृती खालावली ती कायमचीच. तरीही नांगर चालविता चालविता तो कविता रचीत असे. एकदा नांगराच्या फाळाने शेतातील उंदराचे घरटे उद्ध्वस्त झाले. हिवाळ्याच्या तोंडावर बेघर झालेला तो लहानसा जीव पाहून कवीचे मन कळवळले आणि त्यावर त्याने १७८५ साली एक कविता लिहिली. ती पुढे जगभर वाचली गेली. ज्या शेतकऱ्याला स्वतःच्याच घराची शाश्वती नव्हती, त्याला उंदराचे दुःख कळावे यात आश्चर्य नाही.

१७८६ साली या तरुणावर अनेक संकटे एकदम कोसळली. शेती तोट्यात गेली, घरगुती भांडणे वाढली. शेवटी त्याने देश सोडून वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर नोकरीस जाण्याचे ठरविले. तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत असत आणि बर्न्सला मिळणारी नोकरी अशाच मळ्यावरची होती. समतेची गाणी गाणाऱ्या कवीच्या चरित्रातील ही गोष्ट आजचे अभ्यासक झाकून ठेवीत नाहीत. जाण्यापूर्वी आपल्या कवितांचे एक पुस्तक काढावे, असे त्याच्या मनात आले. किल्मारनॉक या गावी जुलै १७८६ मध्ये त्या पुस्तकाच्या ६१२ प्रती छापल्या गेल्या. त्या महिनाभरातच बहुतेक सर्व संपल्या. शेतगडी, मोलकरणी, जमीनदार, धर्मोपदेशक असे सर्व थरांतील लोक त्या कविता वाचू लागले. राजधानी एडिंबरा येथून बोलावणे आले आणि जहाजावर चढू पाहणारा कवी मागे फिरला. पुढे त्याने पुन्हा शेती करून पाहिली. १७८९ पासून सरकारी जकात खात्यात नोकरी केली. आणि २१ जुलै १७९६ रोजी, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, डम्फ्रीज येथे तो मरण पावला. ज्या दिवशी त्याची अंत्ययात्रा निघाली, त्याच दिवशी त्याच्या घरी आणखी एक मुलगा जन्माला आला. त्याच्या दोन मुलांनी पुढे हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी म्हणून नोकरी केली.

बर्न्स गेल्यानंतर पाच वर्षांनी, २१ जुलै १८०१ रोजी, त्याचे काही स्नेही ॲलोवेच्या त्याच घरात एकत्र आले. ते एकूण नऊजण होते. तोपर्यंत ते घर विकले जाऊन तेथे खानावळ चालू झाली होती. हॅमिल्टन पॉल या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने त्यांनी मित्राच्या आवडीचे साधे जेवण केले, त्याची कविता म्हटली आणि त्याच्या आठवणी सांगितल्या. हीच पहिली बर्न्स पंगत होय. त्याच साली ग्रीनॉक या बंदरात एक बर्न्स मंडळ निघाले. ते स्थापणारे व्यापारी मूळचे आयरशायरचे, पण पोटापाण्यासाठी दुसऱ्या गावी येऊन राहिलेले होते. आपल्या मुलखाच्या कवीचे नाव घेऊन एकत्र बसण्याची ओढ गाव सोडलेल्या माणसांना किती लवकर लागली, हे यावरून दिसते. या मंडळाने १८०२ साली कवीचा जन्मदिवस साजरा केला, तोही चुकून २९ जानेवारीला! पुढे १८०३ साली आयर येथील चर्चच्या जन्मनोंदी पाहिल्यावर खरी तारीख २५ असल्याचे कळले, आणि तेव्हापासून तीच तारीख रूढ झाली.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधून माणसांचा जणू लोंढा बाहेर पडला. उत्तरेकडील डोंगराळ भागात जमीनदारांनी मेंढ्यांची कुरणे वाढविण्यासाठी कुळांना घरांतून हुसकावून लावले. शहरांत यंत्रांमुळे हातमागावरील विणकरांचा धंदा बसला. आणि १८४३ साली धर्मसंस्थेत मोठी फूट पडली. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या देशांत स्कॉटिश माणसे जाऊन राहिली. ती जेथे गेली तेथे तेथे बर्न्सची पंगत गेली. १८५९ साली कवीच्या जन्माला शंभर वर्षे झाली, त्या वेळी झालेल्या सभा आणि भोजने यांची नोंद एका ग्रंथात करण्यात आली आहे. त्या नोंदीत एकूण ८७२ समारंभ आहेत. त्यांपैकी ६७६ स्कॉटलंडमध्ये, ६१ अमेरिकेत आणि ४८ ब्रिटिश वसाहतींत झाले. अमेरिकेतील बॉस्टन शहरातील समारंभात एमर्सन या थोर विचारवंताने भाषण केले होते.

ड्युनेडिनची कहाणी याच काळातली आहे. नोव्हेंबर १८४७ मध्ये ‘जॉन विक्लिफ’ आणि ‘फिलिप लेंग’ ही दोन जहाजे ब्रिटनहून निघाली. त्यांतील दुसरे जहाज ग्रीनॉकच्याच बंदरातून सुटले होते. सुमारे चार महिने समुद्रावर काढून पहिले जहाज २३ मार्च १८४८ रोजी आणि दुसरे त्यानंतर तीन आठवड्यांनी ओटागोच्या खाडीत पोहोचले. या वसाहतवाल्यांचे धार्मिक पुढारी होते टॉमस बर्न्स. ते कवी बर्न्सच्या सख्ख्या भावाचे पुत्र. अशा रीतीने, जो कवी ऐन वेळी जहाजावर चढला नाही, त्याचाच पुतण्या त्याच्या देशबांधवांना घेऊन पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

नव्या वस्तीला त्यांनी एडिंबरा शहराचे जुने गेलिक नाव दिले, तेच ड्युनेडिन. रस्त्यांना एडिंबरातील रस्त्यांची नावे दिली, ओढ्याला तेथील नदीचे नाव दिले. अनोळखी डोंगरांच्या मधोमध ओळखीची नावे उच्चारली की मनाला थोडा धीर येत असे. परंतु ती भूमी रिकामी नव्हती. माओरी लोक तेथे शतकानुशतके राहत होते. १८४४ साली त्यांच्याकडून सुमारे ४ लाख एकर जमीन २,४०० पौंडांना घेण्यात आली होती. अशा व्यवहारांत माओरींवर झालेल्या अन्यायाची दाद त्यांना दीड शतक मागावी लागली. न्यूझीलंड सरकारने त्याबाबतचा समझोता १९९८ साली कायद्याने मान्य केला. एकाच्या नव्या घराची कहाणी पुष्कळदा दुसऱ्याच्या जुन्या घराचीही कहाणी असते, हे येथे विसरून चालणार नाही.

१८८७ साली ड्युनेडिनच्या भर चौकात कवी बर्न्सचा पुतळा उभारण्यात आला. जॉन स्टील या शिल्पकाराने घडविलेला हा कवी झाडाच्या ओंडक्यावर बसलेला असून त्याच्या हातात लेखणी आहे. त्याच्या पाठीशी चर्च आहे. धर्मोपदेशकांच्या ढोंगावर बोट ठेवणाऱ्या कवीने चर्चकडे पाठ करून गुत्त्याकडे तोंड केले आहे, असे गावकरी गमतीने म्हणतात. १८९१ साली शहरात बर्न्स मंडळही स्थापन झाले.

आता प्रत्यक्ष पंगत कशी होते ते पाहण्यासारखे आहे. पाहुणे आपापल्या जागी बसले की यजमान सर्वांचे स्वागत करतो. मग अन्नाबद्दल देवाचे आभार मानणारी चार ओळींची एक छोटी प्रार्थना म्हटली जाते. ती बर्न्सच्या नावाने प्रसिद्ध आहे; पण ती त्याच्याही आधीची असावी असे जाणकार मानतात. प्रथम कढण येते. त्यानंतर सर्वजण उठून उभे राहतात, कारण आता पंगतीतील मुख्य पदार्थाचे आगमन व्हावयाचे असते.

बॅगपाइपचा खणखणीत आवाज दाराबाहेरून ऐकू येतो. बॅगपाइप हे कातडी पिशवीत हवा भरून वाजविण्याचे वाद्य आहे. वादक पुढे, त्याच्यामागे हातात मोठे ताट घेतलेला आचारी आणि ताटात वाफाळणारा हॅगिस, अशी मिरवणूक सभागृहातून फिरते. लोक तालावर टाळ्या वाजवितात. राजाच्या स्वारीला शोभावा असा हा थाट असतो. पण ज्याच्यासाठी हा थाट, तो पदार्थ मात्र अगदी गरिबाघरचा आहे. मेंढीचे हृदय, काळीज आणि फुप्फुसे शिजवून बारीक चिरतात. त्यांत कांदा, चरबी, भाजलेल्या जईचा भरडा, मीठ आणि मिरी घालतात. हे मिश्रण मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरून ती शिवून टाकतात आणि पाण्यात मंद आचेवर शिजवितात. मेंढीचे चांगले मांस श्रीमंताघरी जाई. उरलेले असे लवकर नासणारे अवयव गरिबाच्या वाट्याला येत. त्यांतील काहीही वाया जाऊ न देता घरातील सर्वांचे पोट भरावे, या गरजेतून हॅगिस निर्माण झाला. महाराष्ट्रात वजडी रांधणाऱ्या घरांना यामागील काटकसर सांगावी लागणार नाही. हॅगिसबरोबर उकडून कुस्करलेले बटाटे आणि सलगमाच्या जातीचे कंद असतात.

ताट टेबलावर ठेवले की यजमान किंवा एखादा निवडलेला पाहुणा हॅगिससमोर उभा राहतो आणि त्याला उद्देशून बर्न्सने १७८६ साली लिहिलेली कविता खड्या आवाजात म्हणतो. परदेशी भपकेबाज पक्वान्नांपेक्षा आपले हे गावठी अन्न माणसाला अधिक बळ देते, असा तिचा थट्टेखोर आशय आहे. एका ठराविक ओळीला म्हणणारा सुरी उगारतो आणि हॅगिस उभा चिरतो. वाफेचा लोट वर येतो, आतले सारण बाहेर पडते, मंडळी हर्षाने ओरडतात आणि स्कॉटिश मद्याचे पेले उंचावून हॅगिसचे स्वागत करतात. मग जेवण सुरू होते.

जेवणानंतर ‘अमर स्मृती’ नावाचे भाषण होते. तो या रात्रीचा गाभा. वक्त्याने बर्न्सच्या जीवनातील किंवा काव्यातील एखादी बाजू घेऊन तिचे विवेचन करावयाचे असते. कोणी त्याच्या शेतकरी जीवनावर बोलतो, कोणी त्याने गोळा केलेल्या गाण्यांवर, तर कोणी माणसाची किंमत त्याच्या पदवीवरून नव्हे तर त्याच्या माणुसकीवरून करावी, हे सांगणाऱ्या त्याच्या १७९५ मधील गीतावर. हेच गीत १ जुलै १९९९ रोजी स्कॉटलंडच्या नव्या संसदेच्या उद्‌घाटनप्रसंगी गायले गेले. गंभीर भाषणानंतर हलकीफुलकी भाषणे होतात. एक पुरुष स्त्रियांना उद्देशून विनोदी भाषण करतो आणि एक स्त्री त्याला तितकेच खोचक उत्तर देते. पूर्वीच्या काळी या पंगती बहुधा पुरुषांपुरत्याच असत. स्त्रियांची स्तुती होई, पण ती ऐकावयास स्त्रिया नसत. आता त्या पंगतीत असतात, उत्तर देतात आणि पुष्कळ ठिकाणी मुख्य भाषणही करतात.

देशोदेशी या पंगतीला स्थानिक अडचणींतून वाट काढावी लागली. अमेरिकेत १९७१ साली सरकारने खाद्यपदार्थांत फुप्फुसे वापरण्यास बंदी केली. त्यामुळे तेथील स्कॉटिश लोकांना स्कॉटलंडचा हॅगिस मागविता येईना. त्यांनी फुप्फुसांवाचून हॅगिस करावयास सुरुवात केली. मांस न खाणाऱ्यांसाठी डाळी, घेवडा, भाज्या आणि जई यांचा शाकाहारी हॅगिसही निघाला. ड्युनेडिनला मात्र ही ददात नाही. न्यूझीलंड हा मेंढ्यांचाच देश.

अन्नाचा प्रश्न असा सुटला. भाषेचा प्रश्न त्याहून कठीण होता. बर्न्सने आपल्या उत्तम कविता दक्षिण स्कॉटलंडमधील शेतकऱ्यांच्या स्कॉट्स भाषेत लिहिल्या. ती इंग्रजीची बहीण. पण शब्द, उच्चार आणि वळणे वेगळी. बर्न्सच्या काळी एडिंबरामधील शिष्ट मंडळींना या भाषेची लाज वाटे. आपल्या बोलण्यात चुकून स्कॉट्स शब्द येऊ नयेत म्हणून टाळावयाच्या शब्दांच्या याद्या विद्वानांनी छापल्या होत्या. बर्न्सलाही एका वडीलधाऱ्या हितचिंतकाने, ही गावठी भाषा सोडून इंग्रजीत लिही, असा सल्ला दिला होता. त्याने तो सर्वस्वी मानला नाही. इंग्रजी त्याला उत्तम येत असे आणि त्याने तीत लिहिलेही. परंतु मनातील खोल गोष्ट सांगावयाची वेळ आली की तो आईच्या भाषेकडे वळे. इतकेच नव्हे, तर आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत खेडोपाडी फिरून, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकून त्याने शेकडो जुनी गीते टिपून घेतली, तुटलेल्या ओळी सांधल्या, नुसत्या चाली उरल्या होत्या त्यांना शब्द दिले. घरी पैशाची टंचाई असतानाही त्याने या कामाचा मोबदला घेण्याचे नाकारले. ती गीते आपल्या देशाची आहेत, त्यांची किंमत कशी घ्यावी, अशी त्याची भावना होती.

ड्युनेडिनला आलेली पहिली पिढी हीच भाषा बोलत असे. त्यांची मुले शाळेत इंग्रजी शिकली आणि नातवंडांच्या तोंडी इंग्रजीच राहिली. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील लोकांच्या बोलण्यात ‘र’चा जड उच्चार आणि काही थोडे शब्द एवढीच त्या भाषेची खूण उरली. म्हणून बर्न्सच्या पंगतीत आज कविता म्हणणाऱ्याला ती आधी शिकावी लागते. शब्दांचे अर्थ विचारावे लागतात, उच्चार घोटावे लागतात. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना अनेक ओळी नीट कळत नाहीत. यावरून काहीजण म्हणतात की, हा सगळा एका रात्रीचा पोशाखी देखावा आहे. वर्षातून एकदा किल्ट नेसून भाषा जगत नसते. या आक्षेपात तथ्य आहे. भाषा जगते ती घरात, बाजारात, भांडणात आणि अंगाईगीतात. पंगत तिची जागा घेऊ शकत नाही.

तथापि पंगतीने जे राखले तेही थोडे नाही. ज्या भाषेची शिष्टांनी एके काळी लाज बाळगली, तीच भाषा या रात्री मानाने, उभे राहून, मोठ्याने म्हटली जाते. जे अन्न गरिबीची खूण होते, ते वाजतगाजत आणले जाते. पणजोबांच्या तोंडचे शब्द पणतवंडाच्या कानांवर एकदा तरी पडतात, आणि एखाद्याला त्यांचा अर्थ विचारावासा वाटतो. बर्न्सनेही म्हाताऱ्या माणसांजवळ बसून असाच अर्थ विचारला होता, म्हणून तर ती गाणी वाचली.

ड्युनेडिनमध्ये या स्मरणाला आणखी एक फळ आले. बर्न्सच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने, १९५८ साली, तेथील ओटागो विद्यापीठात त्याच्या नावाने लेखकांसाठी एक वृत्ती स्थापन झाली. निवडलेल्या लेखकाने वर्षभर पोटाची चिंता न करता लिहावे, हा तिचा हेतू. जॅनेट फ्रेम या नामवंत लेखिकेला ती १९६५ साली मिळाली. १९६९ साली ती मिळाली होने तुव्हारे या माओरी कवीला. तो बॉयलर बनविणारा कारागीर होता. कारखान्यात घाम गाळीत असतानाच त्याने कविता लिहिल्या होत्या. त्याच्या लोकांची भाषाही शाळांतून हिणविली गेली होती. माओरी बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. त्या भाषेला राजभाषेचा मान १९८७ साली मिळाला. नांगर धरणाऱ्या स्कॉटिश कवीच्या नावाची वृत्ती हातोडा धरणाऱ्या माओरी कवीला मिळावी, यात बर्न्सचा खरा सन्मान झाला, असेच म्हणावे लागेल. आपल्या भाषेचा मान राखणाऱ्याने शेजाऱ्याच्या भाषेलाही मान द्यावा, एवढी अपेक्षा या पंगतीकडून करणे अवाजवी नाही.

रात्र सरत आली की सर्वजण पुन्हा उठून उभे राहतात आणि वर्तुळ करतात. आता शेवटचे गीत असते ‘ऑल्ड लँग साइन’. म्हणजे फार फार जुने दिवस. एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून आपण ते लिहून घेतले, असे बर्न्सने सांगितले होते. छापून आले ते १७९६ साली, त्याच्या मृत्यूनंतर. जुन्या मित्रांनी दीर्घ काळानंतर भेटून गेलेले दिवस आठवावे, असा त्याचा भाव आहे. जगात अनेक देशांत ते निरोपाचे गीत झाले आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिक्षण पूर्ण केलेले छात्र संथ पावलांनी संचलन करीत अखेरचे बाहेर पडतात, तेव्हा वाद्यवृंद हीच चाल वाजवितो. त्या तरुणांपैकी थोड्यांनाच आयरशायरच्या शेतकऱ्याची आठवण होत असेल. पण निरोपाच्या क्षणी मनात जे दाटते, ते त्या चालीत नेमके उतरलेले असते.

ड्युनेडिनच्या सभागृहात अखेरच्या कडव्याला प्रत्येकजण आपले हात छातीवर फुलीसारखे घेऊन दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे हात धरतो. शेजारी कधी स्कॉटिश वंशाचा असतो, कधी नसतो. बाहेर उन्हाळ्याची रात्र असते. ॲलोवेत त्या वेळी हिवाळ्याची सकाळ उजाडत असते. बर्न्स जहाजावर चढला नाही आणि ही माणसे चढली. दोघांमध्ये दोन शतकांचे आणि दोन महासागरांचे अंतर आहे. तरीही गाणे संपेपर्यंत हात सुटत नाहीत.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ड्युनेडिनमध्ये जानेवारी महिन्यात कोणता ऋतू असतो?
(आ) पहिली बर्न्स पंगत कोठे व केव्हा झाली?
(इ) कवीचा जन्मदिवस प्रथम कोणत्या चुकीच्या तारखेला साजरा झाला?
(ई) टॉमस बर्न्स आणि कवी बर्न्स यांचे नाते काय होते?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बर्न्सने जमैकाला जाण्याचा बेत का केला आणि तो का बदलला?
(आ) हॅगिस हा ‘गरिबाघरचा पदार्थ’ का म्हटला आहे?
(इ) एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील लोक देश सोडून का गेले?
(ई) होने तुव्हारे याला मिळालेल्या वृत्तीत बर्न्सचा खरा सन्मान झाला, असे का म्हटले आहे?

३. ‘वर्षातून एकदा किल्ट नेसून भाषा जगत नसते.’ या आक्षेपाला पाठात कोणते उत्तर दिले आहे? ते तुम्हांला पटते का? सकारण लिहा.

४. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : शिदोरी, शाश्वती, ददात, थाट, मोबदला.

५. पुढील वाक्यांतील अधोरेखित करण्याजोगी विशेषणे शोधून लिहा.
(अ) जमीन निकस होती.
(आ) एक स्त्री त्याला तितकेच खोचक उत्तर देते.
(इ) छात्र संथ पावलांनी संचलन करतात.

६. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा गावातील वृद्ध माणसांच्या तोंडी असलेले, पण तुम्ही सहसा न वापरणारे दहा शब्द मिळवा. त्यांचे अर्थ त्यांनाच विचारून वहीत लिहून ठेवा.